सहा संख्या आणि एक आकार

धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव गाठायचे आणि तिथून दक्षिणेला सुमारे 18 किलोमीटर गेले की डोंगराच्या कुशीत पाटणे लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, असे इथला इ.स. 1207 चा शिलालेख सांगतो. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले; लेखाच्या शेवटी मराठीत तेलघाण्यांवरच्या तेलाचा वाटाही लावून दिला आहे. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक प्रश्न येतो: कोणत्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? चक्रवाल पद्धतीने उत्तर निघते: 22,61,53,980 च्या वर्गापासून 1,76,63,19,049 चा वर्ग. आजची भूमिती यातच होती, असे कुणी म्हणेल. नव्हती. पण वर्गसमीकरण हा कच्चा माल तोच, आणि अशी दोन समीकरणे एकत्र आली की काय घडते, ते पाहायला मुंबईला जावे लागते.

सहा अज्ञात संख्या घ्या. पहिली अट: सहांच्या वर्गांची बेरीज शून्य. दुसरी: प्रत्येक वर्गाला एकेका वेगळ्या ठरावीक संख्येने गुणून केलेली बेरीजही शून्य. एकाच पटीतले संच एकच मानले की मोकळीक पाचावर येते, दोन अटींनी तीनवर. संख्या संमिश्र असल्याने हा झाला तीन संमिश्र मितींचा बैजिक आकार. वास्तव मिती मोजल्या तर सहा.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हाच आकार दुसऱ्याच वाटेने आला. दोन भोकांच्या बटणाचा नुसता पृष्ठभाग डोळ्यांपुढे आणा. त्यावरच्या प्रत्येक बंद फेरीला एक विशिष्ट प्रकारचे भ्रमण जोडायचे, आणि फेऱ्या जोडल्या की भ्रमणेही त्याच क्रमाने जोडली जावीत. मध्ये एक छोटे छिद्र ठेवून त्याभोवतीच्या फेरीला उणे एक द्यायचे. अशा सर्व जोडण्यांचा संग्रह (निव्वळ चौकट फिरवल्याने पडणारा फरक सोडून) सहा वास्तव मितींचा असतो. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांच्या 1965 च्या प्रमेयाने असे संग्रह आणि बैजिक भूमितीतली स्थिर व्हेक्टर बंडले (पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला एकेक सदिश अवकाश जोडणाऱ्या रचना) एकच ठरवली. दोन भोकांसाठी हा संग्रह म्हणजे वरचाच आकार, हे पीटर न्यूस्टेड यांनी 1968 मध्ये दाखवले. नरसिंहन आणि एस. रामानन यांनीही ते सिद्ध केले. जास्त भोकांच्या विशेष पृष्ठभागांसाठी 1976 मध्ये उषा देसले आणि रामानन यांनी तशाच दोन वर्गसमीकरणांतून उत्तर काढले.

आता सिम्प्लेक्टिक भूमिती. तिचा उगम ग्रहगणितात: स्थान आणि संवेग यांच्या जोड्या धरायच्या, आणि हालचालीत जोडीतून मोजले जाणारे 'क्षेत्रफळ' टिकते का ते पाहायचे. फेऱ्या-भ्रमणांच्या संग्रहावर असे मोजमाप आपोआप येते, आणि ते पृष्ठभागाच्या फक्त भोकांच्या संख्येवर अवलंबून असते. दुसऱ्या अटीतल्या सहा संख्या बदलल्या तर बैजिक आकार बदलतो. सिम्प्लेक्टिक नजरेला मात्र सारे एकच. बैजिक भूमितीवाल्याला ही नजर भोंगळ वाटू शकते. मला तर तिचा हा आंधळेपणाच कामाचा वाटतो, कारण संख्या मोकळेपणाने हलवता येतात.

बटणाचा पृष्ठभागही याच सहा संख्यांवरून ठरतो. त्यांतल्या दोन संख्या जवळ आणत नेल्या की त्या पृष्ठभागावरची एक फेरी आक्रसत एका बिंदूत जाते. त्याच वेळी आकारातला एक त्रिमितीय गोलही बिंदूत आक्रसतो. फेरीला गोल, अशी ही जोडी केंब्रिजच्या आयव्हन स्मिथ यांनी 2012 मध्ये पुरती वापरली: पृष्ठभागावरच्या फेऱ्या एकमेकींना कशा छेदतात याचा सिम्प्लेक्टिक हिशेब, त्यांनी दाखवले, तीन संमिश्र मितींच्या या आकाराच्या हिशेबात जसाच्या तसा सापडतो.