गॅरेजमधील ज्ञानव्यवहार : होमब्रू कॉम्प्युटर क्लब

अमेरिकेतील मेन्लो पार्क (कॅलिफोर्निया) येथे ५ मार्च १९७५ रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या गॅरेजमध्ये संगणकाचे हौशी अभ्यासक जमले. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’चा हा प्रारंभ होय. ‘अल्टेअर ८८००’ हा सुट्या भागांतून घरी जोडावयाचा संगणक त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. आपले यंत्र कोठवर आले, कोठे अडले, हे सदस्य सभेत मोकळेपणाने मांडीत. अपुरे काम दाखविण्याचा हा निःसंकोचपणा विद्वत्सभांत क्वचितच आढळतो. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी ‘ॲपल-१’च्या सर्किटचा आराखडा येथेच विनामूल्य वाटला. तथापि अल्टेअरसाठीच्या ‘बेसिक’ आज्ञावलीच्या प्रतीही अशाच फुकट फिरू लागल्या, तेव्हा बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना अनावृत पत्र लिहून या प्रकारास चोरी ठरविले. स्वतःचा आराखडा वाटणे आणि दुसऱ्याची आज्ञावली वाटणे, यांतील सीमारेषा त्या मेळाव्यात अस्पष्टच राहिली होती.