पन्नास टक्क्यांची दोन दुखणी

मोजमापाच्या गोष्टी : लेखांक ९

मागच्या वेळी आपण अर्थतज्ज्ञ फॅरेलपाशी थांबलो होतो. कार्यक्षमता मोजताना कागदावरच्या आदर्शाशी नको, ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं त्यांच्याशी तुलना करा, हे त्याचं १९५७ सालचं म्हणणं. पण प्रत्यक्ष गणित त्याने एकाच उत्पादनाचं केलं होतं. पुढची अडचण आली ती शाळेतून.

अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘प्रोग्रॅम फॉलो थ्रू’ नावाचा सरकारी कार्यक्रम होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एडवर्डो ऱ्होड्स त्यावर पीएचडी करत होते. आई मुलाला जवळ घेऊन वाचत बसते तो वेळ ही एक निविष्ठा, आणि मुलाचा वाढलेला आत्मविश्वास हे एक उत्पादन. आता यांना भाव कोण लावणार? आईच्या तासाभराचा दर कुठल्या बाजार समितीत फुटतो? म्हणून भाव बाजूलाच ठेवायचे असं ऱ्होड्स, त्यांचे मार्गदर्शक कूपर आणि चार्न्स यांनी ठरवलं. १९७८ मध्ये त्यांचा निबंध आला. डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे डीईए, तिथून सुरू होतं.

युक्ती मोठी गमतीची आहे. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे प्रत्येक शाळेने आपल्या सोयीने ठरवायचं. अट एकच : तीच वजनं लावली तर कुणाचेही गुण शंभरावर जाता कामा नयेत. म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्हीच काढा, पण ती साऱ्या वर्गाला द्या. एवढं करूनही कुणी तुमच्या पुढे गेलं, तर तक्रारीला जागा उरत नाही.

या पहिल्या प्रारूपाला तिघांच्या आद्याक्षरांवरून सीसीआर म्हणतात. त्यात एक गृहीत दडलेलं आहे : निविष्ठा दुप्पट केल्या की उत्पादनही दुप्पट होतं. राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्यासोबत १९८४ मध्ये ते काढून टाकलं. हे झालं बीसीसी. फरक आकड्यांतच पाहू. चार काल्पनिक साखर कारखाने घेऊ; फक्त कामगार आणि हंगामातली साखर मोजू.

‘अ’ : २०० कामगार, १ लाख क्विंटल. ‘ब’ : ४०० कामगार, ४ लाख. ‘क’ : ८०० कामगार, ६ लाख. ‘ड’ : ६०० कामगार, ३ लाख.

सीसीआरमध्ये ‘ब’ला १००, ‘क’ला ७५, आणि ‘अ’ व ‘ड’ दोघांनाही ५०. अहवालात एवढंच छापलं, तर दोन्ही चेअरमन एकाच बाकावर उभे! बीसीसी लावा. ‘अ’ आणि ‘क’ दोघेही १०० वर जातात. ‘ड’ मात्र ५६ वरच अडकतो. ‘अ’ आणि ‘ब’ यांना जोडणाऱ्या रेषेवर पाहिलं तर ३ लाख क्विंटलला ३३३ माणसं पुरतात आणि त्याच्याकडे आहेत ६००. ‘अ’चं दुखणं आकाराचं आहे, त्याला जास्त ऊस आणि विस्तारीकरण हवं. ‘ड’चं दुखणं घरातलं आहे.

पण बीसीसी जरा मवाळच. ‘अ’ला १०० मिळाले ते त्याच्याहून लहान कारखाना यादीत नाही म्हणून. सर्वांत कमी निविष्ठा असलेला इथे आपोआप पास होतो. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारीशेजारी मागतो. सीसीआरच्या आकड्याला बीसीसीच्या आकड्याने भागलं की आकाराचा दोष वेगळा दिसतो. ‘ड’च्या बाबतीत तो भागाकार ९० टक्के येतो, म्हणजे त्याने आकाराची सबब सांगू नये.

आणखी एक. कायम कामगार सहजी कमी करता येत नाहीत. तेव्हा प्रश्न उलटा विचारायचा : याच ६०० माणसांत साखर किती व्हायला हवी होती? उत्तर येतं ५ लाख, आणि ‘ड’चे गुण होतात ६०. सीसीआरमध्ये प्रश्न कुठूनही विचारला तरी गुण तेच राहतात, बीसीसीत बदलतात. अहवाल वाचताना कोणता प्रश्न विचारला होता ते आधी पाहावं.

साखरेचा उतारा तर इथे आपण धरलाच नाही. कोल्हापूरकडचं हवामान उताऱ्याला मानवतं, त्याचं श्रेय कार्यकारी संचालकाला देणं अवघड. बँकर आणि मोरी यांनी १९८६ मध्ये अशा हाताबाहेरच्या घटकांची सोय केली. तिच्यासाठी पुढचा लेखांक राखून ठेवतो.

तोवर ‘ब’चं मस्टर पुन्हा उघडा. सारी रेषा त्याच्या खांद्यावर उभी आहे. त्याने शंभर कंत्राटी माणसं नोंदवलीच नसतील, तर खरा आकडा ५००. तो घातला की सीसीआरमध्ये ‘अ’ आणि ‘ड’ जागचे न हलता ५० वरून साडेबासष्टवर जातात.