आधी हात, मग पंख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'थ्री इडियट्स' हा चित्रपट २००९ साली आला. त्यात कॅमेरा बसवलेलं एक छोटं यंत्र वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जातं, ते तुम्हाला आठवत असेल. ते यंत्र मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीचं होतं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २००७ साली ही कंपनी सुरू केली. त्या वेळी ड्रोन हा शब्द आपल्याकडे फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. आता लग्नाच्या मांडवावर ड्रोन फिरतो आणि शेतात फवारणीही करतो.

वणीत मी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करतो. त्यामुळे कॉलेजची मुलं हमखास विचारतात, "काका, एफपीव्ही शिकायचंय. कोणता ड्रोन घेऊ?" माझं उत्तर ऐकून ती थोडी हिरमुसतात. मी सांगतो, "ड्रोन सगळ्यात शेवटी घे. आधी रिमोट घे."

असं का म्हणतो, ते समजून घेण्यासाठी आधी एफपीव्ही म्हणजे काय ते पाहू. लग्नातला ड्रोन उपग्रहांच्या मदतीने हवेत एका जागी थांबतो. हात सोडला तरी तो पडत नाही. फवारणीचा ड्रोनही बराचसा आखून दिलेल्या मार्गाने जातो. एफपीव्हीचा ड्रोन असा आपोआप थांबत नाही. त्याच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र आपल्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसतं आणि आपणच आत बसून उडवतो आहोत असं वाटतं. प्रत्येक क्षणी तो हातानेच सांभाळावा लागतो. म्हणून यात यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा.

संक्रांतीला पतंग उडवताना आपल्या आणि पतंगाच्या मध्ये दोरा असतो. ड्रोनमध्ये दोऱ्याचं काम रेडिओलहरी करतात, आणि इथे असे दोन दोरे असतात. एक रिमोटचा, त्यावरून आपला हुकूम वर जातो. दुसरा चित्राचा, त्यावरून कॅमेऱ्याचं दृश्य खाली येतं. चित्र गेलं तर आपण आंधळे होतो, पण रिमोट शाबूत असेल तर मोटर बंद करून ड्रोन खाली पाडता येतो. रिमोटचाच दोरा तुटला तर मात्र हाती काहीच उरत नाही. म्हणून पहिला पैसा तिथे घालावा.

रिमोट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो एखाद्या खेळण्याबरोबर येणारा आणि त्याच खेळण्याला बांधलेला नसावा. ड्रोन आपटतात, मोडतात, बदलावे लागतात. चांगला रिमोट अनेक वर्षं टिकतो. दुसरी, त्याच्या दांड्यांत हॉल सेन्सर असावा. जुन्या पद्धतीच्या दांडीत घासणारा भाग असतो. तो झिजतो, त्यात धूळ जाते. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासणारं काही नसतं. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या आपल्या वणीकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिसरी गोष्ट म्हणजे रिमोट आणि ड्रोन यांची भाषा. सध्या नवशिक्यासाठी मी एक्सप्रेस एलआरएस ही पद्धत सुचवतो. तिचं सॉफ्टवेअर खुलं आहे, त्यामुळे एका कंपनीचा रिमोट आणि दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर जुळतात. फक्त दोन्हींतल्या सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. एकावर दुसरी आणि दुसऱ्यावर तिसरी असेल तर जोडणी होत नाही, आणि मग मुलं "रिमोट खराब निघाला" म्हणत दुकानात येतात.

याच पद्धतीचे रिमोट वेगवेगळ्या लहरींवर मिळतात. आपण २.४ गिगाहर्ट्झचाच घ्यावा. हा पट्टा भारतात ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. अमेरिकेसाठी बनवलेला ९१५ मेगाहर्ट्झचा रिमोट लांब पल्ल्याचा म्हणून कोणी गळ्यात मारेल, तर घेऊ नये. आपल्याकडे त्या भागातल्या लहरी मोबाइल सेवेसाठी दिलेल्या आहेत.

रिमोट आला की तो तारेने संगणकाला जोडायचा आणि सिम्युलेटरवर सराव करायचा. लिफ्टऑफ, व्हेलोसीड्रोन अशी नावं आहेत. सुरुवातीला अँगल मोड ठेवावा. त्यात दांडी सोडली की ड्रोन स्वतःहून सरळ होतो. मग अ‍ॅक्रो मोडकडे वळावं. तिथे ड्रोन जसा कलला तसाच राहतो, सरळ आपल्यालाच करावा लागतो. निदान वीस तास असा सराव करावा, असं मी सांगतो. संगणकावर शंभर वेळा आपटला तरी एक रुपया लागत नाही. आणि याच काळात आपल्याला हा नाद खरंच आहे की चार दिवसांची हौस, तेही कळून येतं. कापसाच्या पैशातून खर्च करणाऱ्या घरात ही गोष्ट लहान नाही, कारण पूर्ण संचाची रक्कम सहज पाच आकडी होते.

यानंतर ड्रोन. पहिला ड्रोन तळहाताएवढा, पंख्यांना कडं असलेला घ्यावा. याला टायनी हूप म्हणतात. ६५ किंवा ७५ मिलिमीटरचा हा जीव बॅटरीसकट तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. घरात, गच्चीवर, शाळेच्या सभागृहात उडतो. कोणाला लागला तरी सहसा मोठी इजा होत नाही. पाच इंची पंख्यांचा ड्रोन अर्ध्या किलोच्या वर जातो आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहज ओलांडतो. तो माणसाच्या अंगावर आला तर काय होईल, याची कल्पना करावी. त्याने सुरुवात करू नये.

गॉगलमध्ये अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे दोन प्रकार आहेत. डिजिटलचं चित्र स्वच्छ, पण खर्च जास्त. अ‍ॅनालॉगमध्ये जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात, पण त्या हळूहळू वाढतात आणि परत फिरायची सूचना मिळते. शिकायला अ‍ॅनालॉग पुरेसा आहे. मात्र ड्रोन ज्या प्रकारचा, गॉगलही त्याच प्रकारचा लागतो.

आता बॅटरीबद्दल, कारण खरा धोका इथे आहे. लिथियम पॉलिमर बॅटरी जास्त चार्ज झाली, फुगली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेते. साध्या सेलला ४.२ व्होल्टपर्यंत, तर काहींना ४.३५ पर्यंत चार्ज करतात; सेलवर लिहिलेला आकडाच चार्जरवर लावावा. वापरायची नसेल तेव्हा ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. आपल्याकडे भावाची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवतात. त्या घरात ही बॅटरी चार्ज करू नये. अंगणात, फरशीवर, समोर बसूनच चार्ज करावी. मे महिन्यात वणीचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो; तेव्हा उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नये.

पहिल्या उड्डाणाआधी पंखे काढून एक तपासणी करावी. मोटर सुरू करून रिमोट बंद करायचा. मोटर लगेच थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर तो ड्रोन उडवायचा नाही.

कायद्याचंही सांगतो. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि तो चालवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण म्हणून कुठेही उडवता येत नाही. सरकारी नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, ते आधी पाहावं. तिथेही मर्यादा ४०० फुटांची. कोळसा खाणींचा परिसर आणि विजेच्या मोठ्या तारा पूर्ण टाळाव्यात. खाणीचे मातीचे ढिगारे चित्रात कितीही सुंदर दिसोत, तिथे सुरुंग उडतात आणि माणसं कामावर असतात. गॉगल लावलेल्याला आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून शेजारी ड्रोनवर नजर ठेवणारा एक जोडीदार हवाच. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांपुरती सूट आहे. सुट्या भागांना ही बंदी नाही. तेव्हा "बाहेरून मागवून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

शेवटचं आई-वडिलांसाठी. एफपीव्ही आलं म्हणजे नोकरी मिळाली, असं नाही. फवारणी किंवा मोजणीचा व्यवसाय करायचा तर वय अठरा पूर्ण हवं, दहावी पास हवं आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. पण डाग द्यायला शिकलेला, मोटर आणि बॅटरी समजलेला आणि मोडलेलं यंत्र स्वतः दुरुस्त करणारा मुलगा किंवा मुलगी त्या प्रशिक्षणात मागे पडत नाही. म्हणून मूल हट्ट करू लागलं तर सरळ नाही म्हणू नका, आणि एकदम सगळा संचही घेऊन देऊ नका. आधी रिमोट द्या. दोन महिने थांबा, आणि मग ठरवा.