ऐकणारीची भूमिका : मेरी यूर

कॉलेजात असताना ‘व्हेअर ईगल्स डेअर’ मी मॅटिनीला तीनदा पाहिला. रिचर्ड बर्टन, क्लिंट ईस्टवुड, बर्फातला किल्ला, केबल-कारच्या टपावरची मारामारी, सगळे लख्ख आठवते. त्या दोघांच्या बरोबरीने हेरगिरी करणारी बाई मात्र ‘ती सोनेरी केसांची’ एवढीच लक्षात राहिली होती. पुढे नोकरी सांभाळून ब्रिटिश रंगभूमीविषयी हाती लागेल ते वाचत गेलो, तेव्हा कळले की ती मेरी यूर. १९५६ साली इंग्रजी नाटकाला वळण देणाऱ्या ‘लुक बॅक इन अँगर’ची नायिका. आणि एक गोष्ट खटकली. तिच्याबद्दल काही शोधायचे, तर पुस्तकांच्या सूचीत आधी दोन पुरुषांची नावे काढावी लागतात : नाटककार जॉन ऑस्बोर्न आणि नट-कादंबरीकार रॉबर्ट शॉ. एक तिचा पहिला नवरा, एक दुसरा.

मेरीचा जन्म १८ फेब्रुवारी १९३३चा, ग्लासगोचा. वडील इंजिनिअर. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये तिने अभिनयाचे शिक्षण घेतले. १९५५ साली पीटर ब्रुकच्या ‘हॅम्लेट’मध्ये पॉल स्कोफिल्डसमोर ती ऑफिलिया होती. तो प्रयोग मॉस्कोलाही गेला. तेव्हा तिचे वय बावीस.

८ मे १९५६ला रॉयल कोर्ट थिएटरमध्ये ‘लुक बॅक इन अँगर’चा पहिला प्रयोग झाला. माळ्यावरची खोली, रविवार. जिमी पोर्टर वर्तमानपत्र वाचता वाचता जगावर, सासरच्यांवर आणि बायकोवर तोंडसुख घेतो आहे. बायको अ‍ॅलिसन इस्त्री करते आहे. नाटकाविषयी जे जे लिहिले गेले त्यात जिमीच्या बोलण्याचे कौतुक पुष्कळ. इस्त्री करणारीचे काम काय असते याचा विचार कमी. जिमीचा प्रत्येक शब्द लागतो कुठे, हे प्रेक्षकाला कळते ते तिच्या हातांवरून आणि पाठीवरून. तिथे काही उमटले नाही, तर जिमी नुसता बडबड्या ठरेल. हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करताना मी हे पाहिले आहे : लांब भाषणे पाठ होतात, ऐकणे पाठ होत नाही.

अ‍ॅलिसन ऑस्बोर्नने बेतली होती ती त्याच्या पहिल्या पत्नीवर, पामेला लेनवर. १९५७मध्ये तिच्याशी घटस्फोट घेऊन त्याने मेरीशी लग्न केले. म्हणजे पहिल्या बायकोचे दुःख रोज रात्री रंगमंचावर वठवणारी नटी दुसरी बायको झाली!

दरम्यान, १९५६च्या ऑक्टोबरात कॉमेडी थिएटरमध्ये ती आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’मध्ये कॅथरीन होती. त्या काळी ब्रिटनमध्ये लॉर्ड चेंबरलेनच्या परवान्याशिवाय नाटक करता येत नसे, आणि एक पुरुष दुसऱ्याचे चुंबन घेतो या प्रसंगापायी परवाना अडला होता. तोडगा असा : थिएटरचा क्लब करायचा. सभासदांपुढे केलेला प्रयोग खासगी ठरे. पुढे न्यूयॉर्कला अ‍ॅलिसन करून तिला टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९५९ला स्ट्रॅटफर्डमध्ये ती पॉल रॉब्सनच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना झाली. १९६०च्या ‘सन्स अँड लव्हर्स’मधल्या क्लारासाठी ऑस्करचे नामांकनही आले.

आणि मग पडद्यावर तीन वर्षे शुकशुकाट.

१९६१मध्ये ‘द चेंजलिंग’ नाटकात शॉ तिच्याबरोबर होता. १९६३मध्ये दोघांचे लग्न झाले. मुले चार. शॉची चित्रपटांतली आणि लेखनातली घोडदौड त्याच वर्षांतली. तिच्या वाट्याला १९६४चा ‘द लक ऑफ जिंजर कॉफी’ आणि मोजके आणखी काही. घर, मुले, दारू, स्वभाव यांपैकी कशाला किती दोष द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. शॉच्या चाहत्यांनी तो सहज घेतला आहे.

१९७१ साली मात्र ब्रॉडवेवर हॅरॉल्ड पिंटरच्या ‘ओल्ड टाइम्स’मध्ये ती केट झाली. नवऱ्याच्या भूमिकेत शॉ, मैत्रिणीच्या भूमिकेत रोझमेरी हॅरिस. ते दोघे केटविषयी, केटच्या देखत, ती तिथे नसल्यासारखे बोलत राहतात आणि तिच्या आठवणींवर हक्क सांगतात. ती बहुतेक वेळ ऐकते. शेवटी एकच लांब भाषण करते आणि त्यात दोघांनाही गाडून टाकते. अ‍ॅलिसनपासून पंधरा वर्षांनी तिला पुन्हा ऐकणारीची भूमिका मिळाली, आणि या वेळी शेवटचा शब्द तिचा होता.

२ एप्रिल १९७५ला ‘द एक्झॉर्सिझम’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि त्याच रात्री, मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या मिश्रणाने तिचा मृत्यू झाला. चौकशीत तो अपघाती ठरला. वय बेचाळीस. सोळा वर्षांनी ऑस्बोर्नने आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात तिच्याविषयी कडवट लिहिले. तिचे आत्मचरित्र नाही.

तो शेवटचा प्रयोग कॉमेडी थिएटरमध्येच झाला होता, जिथे १९५६मध्ये तिने कॅथरीन केली. २०११पासून त्या थिएटरचे नाव हॅरॉल्ड पिंटर थिएटर आहे.