बक्षिसानंतरची पहिली ऑर्डर

कर्जत सोडून लोणावळ्याकडे निघालेली गाडी बोरघाट चढू लागते, तेव्हा पळसदरी आणि जांब्रुंग यांच्या पुढे ठाकुरवाडी नावाचे एक लहानसे रेल्वेठाणे लागते. प्रवाशाला तेथे उतरण्याचे कारण नसते. खिडकीतून दरी, बोगद्याचे तोंड आणि उन्हात तापलेला कातळ दिसतो आणि गाडी पुढे जाते. कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे काही एकाच वस्तीचे नाव नव्हे. डोंगराच्या कुशीत ठाकूर समाजाची घरे जेथे जेथे वसली, तेथे तेथे हे नाव रूढ झाले. शेजारच्या पाड्यांवर कातकरी कुटुंबे राहतात. भाताची थोडी शेती, त्यानंतर ओलीवर घेतलेला वाल, आणि उरलेले महिने रानातून जे मिळेल ते, असे येथील पोटापाण्याचे गणित आहे.

हे गणित कर्जत, नेरळ किंवा खोपोलीच्या बाजारात डोळ्यांनी पाहता येते. उन्हाळ्यात पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदे व जांभळे येतात, टोपल्यांतून कैऱ्या येतात; पावसाळ्यात करटोली, शेवळे, टाकळा येतो. सकाळी जो भाव मिळतो तो दुपारी मिळत नाही, आणि संध्याकाळी तर टोपली परत नेण्यापेक्षा मिळेल त्या पैशात रिकामी केलेली बरी, असे वाटू लागते. हा माल ठेवून विकण्याजोगा नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. आपल्या पेठांतील कोणताही व्यापारी जाणतो की ज्याला माल आजच विकावा लागतो, त्याच्या हाती भाव नसतो.

ठाकुरवाडीच्या टोपलीची ही अडचण मराठवाड्यातील शेतकऱ्यांचीही आहे, आणि तिच्यावर मुंबईच्या काही विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय एका जागतिक स्पर्धेत पहिला आला. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 1933 साली स्थापन झालेले व जुन्या पिढीला 'यूडीसीटी' या नावाने परिचित असलेले महाविद्यालय, ही त्या विद्यार्थ्यांची शाळा. वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी 'सायन्स फॉर सोसायटी' या नावाने एकत्र आले होते. भाजीपाला व फळे शेतातच वाळवता येतील असे, विजेवाचून चालणारे सौर यंत्र त्यांनी तयार केले. 2013 साली 'डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज' या विद्यार्थ्यांसाठीच्या स्पर्धेत त्या यंत्राला पहिले पारितोषिक मिळाले. रक्कम होती साठ हजार डॉलर.

यंत्रामागील विचार साधा आहे. अंगणात चटईवर वाळत घातलेल्या पदार्थाला फक्त वरून ऊन लागते आणि वारा मिळेल तेवढाच मिळतो. या यंत्रात पातळ काप काळ्या लेपाच्या धातूच्या पत्र्यावर पसरतात. तापलेला पत्रा खालून उष्णता देतो, पारदर्शक आवरणातून वरून ऊन पडते, आणि गरम हवा आपोआप वर चढून बाफ बाहेर नेते. तिन्ही मार्गांनी उष्णता मिळाल्यामुळे वाळवण लवकर होते आणि रंग व स्वाद उघड्या उन्हापेक्षा बरा टिकतो. पंखा नाही, इंधन नाही.

श्रावकाच्या नजरेने पाहिले तर आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. श्रावकाचारात जे पंधरा कर्मादान वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत पहिलेच अंगारकर्म आहे, म्हणजे निखाऱ्यांवर व भट्ट्यांवर चालणारा व्यवसाय. कोळशाच्या भट्ट्यांवर राबण्यासाठी रायगडातील कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घरदार सोडून जात आली आहेत, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. सूर्याच्या उष्णतेवर चालणारा उद्योग त्या दोषापासून दूर आहे. दुसरी गोष्ट जयणेची. उघड्या वाळवणावर माश्या, मुंग्या, किडे येतात. बंद पेटीत तो धोका बराच कमी होतो. आता याच कंपनीच्या मालात कांदा, लसूण आणि आले यांचा वाटा मोठा आहे, हे खरे. तो माल आपल्या स्वयंपाकघरात येणार नाही, परंतु यंत्राला कंदमूळ आणि कैरी यांतला भेद ठाऊक नसतो. त्यात काय घालायचे, हे घालणाऱ्याने ठरवावे.

इथवरची कथा कोणत्याही स्पर्धेच्या बातमीत शोभेल. व्यापारी घराला उपयोगी पडेल असा भाग पारितोषिकानंतर सुरू होतो.

स्पर्धेत परीक्षकांना यंत्र दाखवले जाते, कारण विद्यार्थ्याजवळ दाखवण्यासारखे तेच असते. ही मंडळीही प्रारंभी यंत्रे शेतकऱ्यांच्या हाती देण्याच्या मार्गाने गेली. यंत्र चालत होते, भाजी वाळत होती. पण वाळलेली भाजी घ्यायची कोणी? गावच्या बाजारात तिला गिऱ्हाईक नव्हते आणि शहरातील मोठा खरेदीदार चार-पाच किलोंसाठी गावात येणार नव्हता. त्याला हवा होता टनावारी, एकसारख्या प्रतीचा, तपासलेला माल. तेव्हा या तरुणांनी आपला व्यवसायच पालटला. यंत्र विकणे हे मुख्य काम राहिले नाही. गावातील स्त्रियांनी शेतमाल वाळवायचा, कंपनीने तो ठरल्याप्रमाणे विकत घ्यायचा, त्यावर पुढची प्रक्रिया करून अन्नपदार्थ बनवणाऱ्या उद्योगांना पुरवायचा, अशी साखळी त्यांनी उभी केली. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात या पद्धतीने काम वाढले. 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीला नोव्हेंबर 2023 मध्ये सिंगापूर येथे 'अर्थशॉट' पारितोषिक जाहीर झाले, दहा लाख पौंडांचे. सहसंस्थापक निधी पंत याही त्याच माटुंग्याच्या संस्थेतील अभियंता आहेत.

पहिले पारितोषिक आणि हे दुसरे, यांच्यामध्ये दहा वर्षे आहेत. त्या दहा वर्षांत जे काम झाले, त्याला आपल्याकडे फार जुनी नावे आहेत: खरेदी, प्रतवारी, साठवण, उधार, वायदा, पत. चारशे घरांतून थोडा थोडा माल गोळा करून त्याची एकजिनसी गोणी बनवणे आणि ती दूरच्या गिऱ्हाइकाकडे ठरल्या दिवशी पोहोचवणे, हीच आडतीची विद्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती चुका करीत, पैसे गमावीत शिकावी लागते; पेढीवर वाढलेल्या मुलाला ती जेवता-जेवता ऐकू येते.

म्हणूनच महाविद्यालयीन स्पर्धांचे निकाल वाचताना थोडे थांबावे. आयआयटी मुंबईच्या उद्योजकता कक्षाची 'युरेका' स्पर्धा 1998 पासून चालत आली आहे. 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' 2017 साली सुरू झाला. 'जितो'सारख्या आपल्या समाजाच्या संस्थेनेही नवउद्योगांना मार्गदर्शन व भांडवल मिळवून देण्याची व्यवस्था उभी केली आहे. या सर्व ठिकाणी आपली मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात, आणि ट्रॉफीसह त्यांची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. अभिनंदन व्हायलाच हवे. परंतु पाच-सात मिनिटांच्या सादरीकरणात बाजाराची पाहणी बहुतेक वेळा एका आकड्यात उरकलेली असते: देशात या वस्तूची उलाढाल इतक्या हजार कोटींची, त्यातला एक टक्का आम्ही घेऊ. हा एक टक्का कोणत्या गावच्या कोणत्या दुकानदाराकडून येणार, हे विचारणारा परीक्षक भेटला तर विद्यार्थ्याचे भाग्य समजावे. दुकानावर बसलेल्या आजोबांनी तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला असता.

महाराष्ट्र शासनाच्या 'स्टार्टअप सप्ताहा'त एक पद्धत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. 2018 साली सुरू झालेल्या या उपक्रमात निवड झालेल्या चोवीस उद्योगांना पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या कामाचा कार्यादेश दिला जात असे. त्यांनी आपले उत्पादन शासनाच्या एखाद्या विभागासाठी प्रत्यक्ष राबवून दाखवायचे. बक्षीस म्हणून धनादेश न देता काम देणे, ही कल्पना कोणा व्यापाऱ्याच्याच डोक्यातून निघाली असावी असे वाटते. रोख रक्कम खर्च होऊन जाते. पहिले गिऱ्हाईक मिळाले की दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचे धैर्य येते.

ठाकुरवाडीसाठी या सर्वांचा अर्थ काय? थोडा हिशेब मांडून पाहणे बरे. ज्या भाजीत नव्वद टक्के पाणी असते, तिच्या दहा किलोंतून वाळल्यावर सुमारे अकराशे ग्रॅम माल हाती येतो. ताजा माल पंधरा रुपये किलोने घेतला असे उदाहरणादाखल धरले, तर दीडशे रुपये नुसत्या कच्च्या मालातच गेले. निवडणे, चिरणे, वाळवणे यांची मजुरी, बांधणी, वाहतूक आणि घट वेगळी. म्हणजे जो पदार्थ वाळल्यावर किलोला दोनशे रुपयांनी विकला जाईल, त्यात कोणाचेच घर चालणार नाही. कैरीचे काप किंवा आमचूर, बिया काढलेली करवंदे, शेवग्याचा पाला, आवळा अशा मोजक्याच वस्तू या गणितात बसू शकतात. त्यातही कैरीची साल व कोय वजा जाते, हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण ऋतूची. कर्जतच्या रानभाज्यांचे खरे वैभव पावसाळ्यात असते, आणि घाटाखालचा पाऊस म्हणजे दिवसचे दिवस सूर्यदर्शन नाही. शेवळे वा करटोली सौर यंत्रात वाळवण्याचे स्वप्न एखाद्या सादरीकरणात सुंदर दिसेल, आषाढात मात्र ते टिकणार नाही. शिवाय अर्धवट वाळलेल्या मालाला दमट हवेत बुरशी येते, आणि बुरशी आलेला माल आपल्या दृष्टीने केवळ खराब नसतो, अभक्ष्य असतो. तेव्हा काम करायचे ते माघ ते वैशाखात, आणि चातुर्मासाआधी माल हवाबंद करून हलवायचा. वर्षाचे जेमतेम चार महिने चालणाऱ्या यंत्रावर किती भांडवल घालावे, हे प्रत्येक पेढी आपल्या परीने ठरवील.

तरीही हा विचार सोडून द्यावा असा नाही, आणि त्याचे कारण आपल्याच ताटात आहे. मारवाडातून आलेल्या कोणत्याही घरात केर-सांगरी अनोळखी नाही. केर हे काटेरी झुडपाचे फळ, सांगरी ही खेजडीची शेंग. दोन्ही वाळवंटात आपोआप उगवणारी, रानातून वेचून आणलेली, वाळवून ठेवलेली. पर्युषणात व तिथीच्या दिवशी ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, तेथे अशा सुक्या भाज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ताट सांभाळले. आज मुंबईच्या सुक्या मेव्याच्या दुकानात सांगरीचा भाव विचारला तर ती गरिबाघरची रानशेंग होती यावर नव्या सुनेचा विश्वास बसत नाही. तिच्यात मुळात काही राजेशाही नव्हते. तिला माहेर सोडून गेलेले गिऱ्हाईक मिळाले, निवडून-पारखून विकणारा दुकानदार मिळाला, आणि लग्नाच्या जेवणात मान मिळाला. करवंदाला व ठाकुरवाडीच्या कैरीला यांतले काहीच अद्याप मिळालेले नाही.

रानातल्या मालाला असे गिऱ्हाईक मिळू शकते, याचा दाखला फार लांब शोधावा लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या एका गटाने गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात विकण्यास आरंभ केला. पुढे केंद्राच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळाले, आणि 2021 पर्यंत आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांकडून त्यांना दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मागण्या मिळाल्या. वेल तीच, रान तेच. औषधाच्या कारखान्याला लागेल तशी ती स्वच्छ करून, वाळवून, वजनाने पोहोचवणे एवढाच फरक.

कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या पेठांत आपल्या समाजाची दुकाने कित्येक दशकांपासून आहेत. टोपली घेऊन येणाऱ्या त्याच स्त्रिया परतताना याच दुकानांतून तेल-मीठ नेतात, अडीअडचणीला उधारही नेतात; ओळख जुनी आहे, वहीत नावे आहेत. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत शिकणारा या घरांतला मुलगा पुढच्या स्पर्धेसाठी विषय शोधत असेल, तर एका उन्हाळ्याचा प्रयोग त्याच्या दारातच आहे: एक-दोन वाळवणयंत्रे, वाडीतील चार घरे, रोजच्या रोज रोखीने चुकवायचा भाव, अन्नसुरक्षेचा परवाना, आणि नमुन्यांची प्रयोगशाळेतून तपासणी. मुलाने यंत्र व तपासणीचे पाहावे. भाव ठरवण्याचे काम वडिलांकडे राहू द्यावे. करवंदे चैत्र-वैशाखात पिकतात. त्याआधी माल घेणारी दोन दुकाने मुंबईत नक्की झाली पाहिजेत, आणि त्यासाठी फोन दिवाळीनंतर लगेच करावे लागतील.