प्रती विकणारा लेखक

गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या अटलांटिकपारच्या पत्रव्यवहाराबद्दल लिहिताना त्यातला जिव्हाळाच बहुधा पुढे केला जातो. 1845 ते 1847 या काळातली पत्रं छपाईच्या हकिकतीशेजारी ठेवून वाचली, की माझ्या मते चित्र बदलतं. गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना स्वतःचा आवाज राखता आला, तो मित्रांच्या मायेपेक्षा पुस्तकाच्या विक्रीमुळे. मे 1845 मध्ये बोस्टनला त्यांचं आत्मचरित्र निघालं. त्यात मालकांची खरी नावं होती. पकडलं जाण्याचा धोका वाढला आणि ऑगस्टमध्ये ते जहाजानं ब्रिटनकडे निघाले. डब्लिनचे क्वेकर मुद्रक रिचर्ड वेब यांनी त्याच वर्षी आयरिश आवृत्ती छापली. सभांमधून प्रती विकून डग्लस आपला खर्च भागवू लागले. बोस्टनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेतल्या मारिया वेस्टन चॅपमन यांना मात्र लंडनची प्रतिस्पर्धी समिती डग्लस यांना पैशानं फितवेल अशी भीती होती, आणि त्यांनी वेब यांना तसं पत्रानं बजावलं. हे कळताच 29 मार्च 1846 रोजी डग्लस यांनी किल्मार्नॉकहून चॅपमन यांना कळवलं, की मला संस्थेपासून तोडायचं असेल तर माझ्यावर मुकादमी बसवा. पुस्तकाच्या कमाईवर जगत असल्याचं ते त्याच पत्रात सांगू शकले, हे मला फार मोलाचं वाटतं. वेब यांच्याशीही त्यांचे खटके उडाले. बेलफास्टच्या पाद्र्यांचे अभिप्राय वेब यांना नको होते; 1846 च्या दुसऱ्या डब्लिन आवृत्तीत ते छापले गेले. याच आवृत्तीत डग्लस यांनी डेलावेरच्या ए. सी. सी. थॉम्पसन यांनी हे आत्मचरित्र खोटं ठरवण्यासाठी लिहिलेलं पत्रही उत्तरासह छापलं. आपण या गुलामाला ओळखत होतो, अशी कबुली थॉम्पसन यांनीच त्यात दिली होती! हा माणूस कधी गुलाम नव्हताच, असं म्हणणाऱ्यांना याहून भक्कम उत्तर कुठलं?

यावर आक्षेप येतो, की शेवटी पैसा ब्रिटिश हितचिंतकांचाच होता. न्यूकॅसलच्या रिचर्डसन घराण्यातल्या स्त्रियांनी पुढाकार घेऊन 1846 मध्ये सुमारे 150 पौंड उभे केले आणि डग्लस यांना कायद्यानं मुक्त केलं. किंमत मोजणं म्हणजे मालकाचा हक्क मान्य करणं, ही चळवळीतल्याच काहींची टीका तत्त्वतः खोटी नाही. पण अमेरिकेचा कायदा पळून आलेल्या माणसाला परत मालकाकडे धाडत होता. मुक्तीपत्राशिवाय डग्लस यांना निर्धास्तपणे मायदेशी परतता आलं नसतं. आणि देणगीदारांनी त्यांना बांधून घेतलं, असं म्हणावं तर पुढच्या घटना आड येतात. छापखान्यासाठी ब्रिटनमधून निधी आला, बोस्टनच्या मित्रांनी वर्तमानपत्र काढू नका म्हटलं, तरी 3 डिसेंबर 1847 रोजी रोचेस्टरहून ‘द नॉर्थ स्टार’ निघालं. ते चालवणं सोपं नव्हतं. 1849 मध्ये इंग्लंडहून आलेल्या ज्युलिया ग्रिफिथ्स यांनी वर्तमानपत्राचे हिशेब डग्लस यांच्या घरखर्चापासून वेगळे केले आणि कर्ज फेडण्याच्या मागे लागल्या. संपादकपद मात्र डग्लस यांच्याकडेच होतं.