लाल काच, काळं आभाळ

हिरव्या अंगाची, लाल काठांची पैठणी कृष्णधवल फोटोत पुष्कळदा फसवते. काठ आणि अंग एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. लेन्सवर लाल फिल्टर चढवला की काठ उजळतात आणि अंग काळवंडतं. हिरवा चढवला तर नेमकं उलट. पण लाल काचेमागून कपाळावरचं लाल कुंकू जवळजवळ पुसलं जातं. (चेहऱ्यावरचे मुरुमांचे डागही जातात, त्याबद्दल मात्र कुणी कुरकुरत नाही.) फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो, विरुद्ध रंगाचा अडवतो. सगळी विद्या एवढीच.

या काचा छायाचित्रकार क्रमांकाने ओळखतात : ८ म्हणजे पिवळा, २५ लाल, ५८ हिरवा. हे रॅटन क्रमांक. इंग्लंडमधल्या क्रॉयडनची फ्रेडरिक रॅटन यांची कंपनी कोडॅकने १९१२ साली विकत घेतली, नाव मात्र टिकलं. १० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या हाफ डोम कड्यासमोर उभे होते, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरने घेतली. आभाळ मनातल्याइतकं गडद येणार नाही हे लक्षात येताच दुसरीसाठी गडद लाल लावला. कड्यामागचं ते काळंभोर आभाळ त्या लाल काचेचं.

डिजिटलमध्ये गोम अशी, की नेहमीच्या सेन्सरवर रंगीत फिल्टरांची सूक्ष्म जाळी आधीच बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. पुढे लाल काच आली की लाल घरं तेवढी काम करतात, बाकीची जवळपास उपाशी. तपशील घटतो, नॉइज वाढतो. त्यापेक्षा रॉ फाइल घ्यावी आणि संगणकावर निळ्याचा स्लायडर खाली ओढावा. अशा कॅमेऱ्यावर लाल काच म्हणजे मला बव्हंशी हौसच वाटते. स्लायडरही फार ताणला तर आभाळ रवाळ होतं आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते, हेही खरं.

२०१२ मध्ये लायकाने एम मोनोक्रोम आणला, त्यात ही जाळीच नव्हती. २०२३ मध्ये पेंटॅक्सनेही तसा कॅमेरा काढला. इथे रंगाची नोंदच होत नाही, त्यामुळे स्लायडरला धरायला काही उरत नाही. काठ उजळ हवा की अंग, हे बटण दाबण्याआधीच ठरवायचं. किंमतही मोजावी लागते : २५ क्रमांकाचा लाल तीन स्टॉप खातो, म्हणजे १/२५० चा शटर १/३० वर येतो. हातात कॅमेरा धरून चालत्या माणसाचा फोटो घेणाऱ्याला हे परवडत नाही; त्याने एका स्टॉपात भागणारा पिवळा लावावा. पावसाळी पांढुरक्या आभाळावर तर लालची मात्रा चालतच नाही, कारण अडवायला निळा हवा ना! तो पिशवीतून काढावा पाऊस सरल्यावर, घाटमाथ्यावरून दूरच्या रांगा निळसर धुरकट दिसायला लागल्या की.